झिणझिण्या देणारी भिंत

अकोल्याच्या त्या दवाखान्यात आम्ही गेलो ते साध्याच कामासाठी. आयसीयूतला एक प्लग सारखा तापत होता, त्याचं पांढरं प्लॅस्टिक कडेनं पिवळं पडलं होतं. डॉक्टरांना श्वासाच्या मशीनसाठी तिथे वेगळी, जाड वायरची लाईन हवी होती. आम्ही म्हणजे अब्बा आणि मी.

अब्बा आधी अकोटच्या एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, विजेच्या मोटारी सांभाळायचे. कापसाची ती वर्षं वाईट होती. जिनिंगचा हंगाम आधी उशिरा सुरू व्हायला लागला, मग लवकर संपायला लागला, आणि एका वर्षी फाटक उघडलंच नाही. अब्बांनी पाने-पकड पिशवीत भरले आणि वायरिंगची कामं घ्यायला सुरुवात केली. मी अमरावतीला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून आयटीआय केलं होतं, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड. वर्गात मुलगी मी एकटीच. परत आले तेव्हा अम्मी माझ्या लग्नाचं बघत होती, आणि अब्बांना सोबतीला माणूस हवा होता. त्या वेळी तरी अब्बांचं चाललं.

घरी आम्ही उर्दू बोलायचो, पण कामावर असलो की अब्बा माझ्याशीही वऱ्हाडीतच बोलत. गिऱ्हाइकाला उगाच वाटायला नको की हे दोघं आपसात काही ठरवून राहिले.

दवाखाना एका जुन्या कापडाच्या गोदामात थाटलेला होता. मोठाल्या हॉलचे तुकडे करून खोल्या पाडल्या होत्या, त्या जिप्समच्या भिंतींनी. अशी भिंत म्हणजे पत्र्याच्या उभ्या पट्ट्या, त्यांच्या दोन्ही अंगांना जिप्समचे बोर्ड, आणि मधे वीतभरही नाही इतकी पोकळी. वरून पुट्टी आणि रंग मारला की पक्क्या भिंतीसारखीच दिसते. तिच्यात नवी वायर घालायची तर वर छतापाशी भोक पाडून वायर पोकळीत सोडायची आणि खाली हवी तिथे बाहेर काढायची. विटांच्या भिंतीत झिरी फोडली की आत काय आहे ते डोळ्यांना दिसतं. इथे सगळा अंदाज. बोटानं ठोकत जायचं, आवाज भरीव आला की पट्टी, पोकळ आला की मोकळी जागा.

आयसीयूत दोन रुग्ण मशीनवर होते. दाराजवळ एक म्हातारी, निमोनियाची. आणि आम्हाला ज्या भिंतीत काम करायचं होतं तिला लागून एक तरणा माणूस, अकोटकडच्या एका खेड्यातला. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध फवारताना वारा फिरला, औषध अंगावर आणि नाकातोंडात गेलं. त्या हंगामात असे बरेच येत होते. त्याची बायको पायाशी स्टुलावर बसलेली असायची. खरं तर आत कुणाला बसू देत नसत, पण सिस्टरनं तिच्यापुरता कानाडोळा केला होता.

सिस्टर अमरावतीच्या, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी आम्हाला पहिल्यांदाच बजावलं, "धूळ इकडे आली तर मी तुमाले बाहेर काढीन. आणि या भितीत ऑक्सिजनचा पाइप आहे. कुठून जाते ते कोणालेच माईत नाई. भित बांधणारे लोक कवाचे निघून गेले."

अब्बांनी मान डोलावली.  तांब्याचा तो पाइप फार जाड नसतो. त्यावर ड्रिल चाललं तर ऑक्सिजन सुटणार, आणि ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पडली तर काय होतं ते आयटीआयमध्ये शिकवलेलं मला लख्ख आठवत होतं. मी विचारलं, "काम होईपर्यंत पाइप बंद नाही का करता येणार?"

"वर ऑपरेशन चालू आहे. त्याच पाइपातून वर जाते," सिस्टर म्हणाल्या.

म्हणून मी ड्रिल पिशवीतून काढलंच नाही. बोर्ड कापायची हातकरवत घेतली.

जिन्याजवळच्या बोर्डापासून फॉल्स सीलिंगच्या वरून वायर भिंतीपर्यंत आणण्यात सकाळ गेली. अब्बा घोडीवर चढून वायर पुढे सारत आणि मी ओढून घेत असे. आयसीयूच्या बाजूनं, नव्या प्लगच्या जागी, पेटी बसेल एवढा चौकोन मी हळूहळू कापून घेतला. खाली ओलं फडकं धरलं होतं, सगळी भुकटी त्यात पडली. चौकोनातून आत टॉर्च मारला, तर एक उभी पट्टी, थोडं कापसासारखं भरण आणि पलीकडे काळोख. पाइप दिसला नाही.

भुकटीचं फडकं गुंडाळत होते तेव्हा त्या माणसाची बायको हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमी लाईटवाल्या ना?"

"हो."

"या दांड्याले हात लावला का झिणझिण्या येतात. काल सांगतलं म्या इथल्या पोराले. तो म्हणे, झोप नाई झाली तुई, म्हणून तसं वाटून राहिलं."

सलाईन अडकवायला भिंतीत स्क्रूनं बसवलेला लोखंडी दांडा होता. तिच्या पायात रबरी चपला होत्या, म्हणून नुसत्या झिणझिण्यांवर निभावलं होतं. मी टेस्टर काढला आणि दांड्याला टेकवला. आतला छोटा दिवा लाल पेटला.

मला आधी खरंच वाटेना. मी टेस्टर पुसला, पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. मग मी वाकून खाली पुट्टीतून डोकं वर काढलेल्या एका स्क्रूला टेकवला. तोही लाल. म्हणजे दांड्यात नव्हे, भिंतीच्या पूर्ण सांगाड्यातच करंट उतरला होता. आत कुठेतरी जुन्या वायरीचं वेष्टण पत्र्याच्या धारेवर घासून सोललं गेलं होतं. सांगाड्याला अर्थिंग दिलेलं नव्हतं, त्यामुळे फ्यूज उडाला नाही, स्विच पडला नाही, कुणाला काही कळलंच नाही. आणि त्याच पोकळीत ऑक्सिजनचा पाइप.

"हात काढ तिथून," मी त्या बाईला म्हणाले. माझा आवाज इतका चढला की म्हातारीजवळची आया वळून पाहायला लागली. मी अब्बांना हाक मारली. अब्बा आले, त्यांनी टेस्टर माझ्या हातून घेतला, स्वतः लावून पाहिला आणि बाहेर जिन्याकडे धावले. साखरेचा आजार झाल्यापासून मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं.

लाईन बंद करायची तर दोन्ही मशीन आधी दुसरीकडे जोडायला हवी होती. समोरच्या ऑफिसातून आम्ही एक्स्टेन्शन बोर्ड ओढून आणला, सिस्टरनं एकेक मशीन त्यावर घेतलं, आणि अब्बांनी आयसीयूची लाईन पाडली. मी दांड्याला टेस्टर लावला. विझलेला. 

पण अडचण सरली नव्हती. त्या वर्षांमध्ये रोज दुपारी भारनियमन असे. लाईट गेली की दवाखान्याचा जनरेटर वरचं ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूची ही जुनी लाईन, एवढंच चालवत असे. ऑफिसला जनरेटर नव्हता. नव्या वायरीला जिन्याजवळच्या बोर्डातून जनरेटर मिळणार होता, म्हणजे लाईट जाण्याआधी ती भिंतीतून उतरायला हवी, नाहीतर एक्स्टेन्शन मुकं होणार आणि जुन्या लाईनीवर मशीन लावायची सोय उरली नव्हती.

"म्हातारीच्या मशीनची बॅटरी चांगली आहे," सिस्टर म्हणाल्या. "याच्या मशीनची बॅटरी मेलेली आहे. लाईट गेली तर याले हातानं श्वास द्या लागन. देऊ आमी. पण किती वेळ?"

"आता उतरवतो," अब्बा म्हणाले.

आम्ही भिंतीच्या दुसऱ्या अंगाला, औषधांच्या कोठीखोलीत गेलो. अब्बांनी घोडीवरून वायरचं टोक स्प्रिंगला बांधून पोकळीत सोडलं. लोखंडाची ती लांब लवचीक स्प्रिंग खरडत खरडत खाली येत असलेली मला बोर्डाला कान लावून ऐकू येत होती. माझ्या डोक्याच्या उंचीला आली, खांद्याच्या उंचीला आली आणि थांबली.

"अब्बा, थोडी वर घ्या."

वर गेली नाही.

"खाली सोडा."

खालीही जाईना. आत कशात तरी अडकली होती. मी बोटानं ठोकत गेले. खांद्याच्या उंचीला भरीव आवाज आडवा चालत होता. आडवी पट्टी! उभ्या पट्ट्यांच्या मधे कुणीतरी एक आडवी पट्टी मारलेली होती, आणि ती कशासाठी ते माझ्या लगेच लक्षात आलं. पलीकडच्या बाजूला नेमकी तिथेच ऑक्सिजनची नळी खोचायची पेटी होती. पेटीचं वजन पेलायला ती पट्टी. म्हणजे पाइप तिथेच, त्या पट्टीला लगटून.

"जोरानं ओढू का?" अब्बांनी विचारलं.

"नको. पत्र्यावर हीही वायर सोलून निघेल. जुनीचं तेच झालंय."

"मग वरून कापून टाकू. बाहेरून लोंबती सोडू."

"कापली तर खालपर्यंत पुरायची नाही. दुसरं बंडल आणलेलं नाही आपण."

आम्ही हे बोलत असतानाच कोठीखोलीतला दिवा गेला. पंखा दोन-तीन गिरक्या घेऊन थांबला. भारनियमन वेळेआधी आलं होतं. भिंतीपलीकडून मशीनची शिट्टी वाजायला लागली, लांबलचक, न थांबणारी, आणि त्यावर सिस्टरचा आवाज, "बॅग आण! लवकर, लवकर!" मग शिट्टी बंद झाली आणि रबरी फुगा दाबल्याचा आवाज सुरू झाला. फुस्स. थांबायचा. फुस्स.

तो आवाज माझ्या तोंडापासून हातभरावर होता. मधे फक्त दोन बोर्ड आणि पोकळी.

अब्बा घोडीवरून उतरले. खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्यांचा चेहरा घामानं चकाकत होता. त्यांनी माझ्या हातातली करवत घेतली आणि बोर्डाला लावली. मग करवत तशीच धरून उभे राहिले. बोटांनी बोर्ड चाचपला, परत चाचपला.

"बेटा," ते म्हणाले, "आत हात घालून पाहा लागन. आन् मले बोटाले काही समजत नाई आता. गरम का थंड, पत्रा का पाइप, काहीच नाई समजत."

त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. साखरेमुळे पायांत मुंग्या येतात एवढंच आम्हाला ठाऊक. बोटांबद्दल घरात कुणाला ठाऊक नव्हतं. स्क्रू घसरला की ते मला चष्मा आणायला सांगत, आणि मी समजत असे की नजर कमी झाली.  मी त्यांच्या हातातून करवत घेतली.

कापायचं तर आडव्या पट्टीच्या जरा वर, आणि करवतीचं पातं आत जास्त शिरायला नको. मी पात्याला टोकापासून बोटभर सोडून चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे बोर्डाच्या जाडीपलीकडे ते फार जाणार नाही. मग लहान लहान फटके मारत कापायला लागले. करवतीचा आवाज आणि पलीकडचा फुस्स, दोन्ही सोबत. मधेच फुग्याचा आवाज थांबला, आणि माझा हातही थांबला.

"माया हात भरून आला," सिस्टरचा आवाज. "आया वर गेली, डॉक्टर वर आहेत. तू दाबशीन का? अशी, माया हातासारखी. घाई नाई करायची. त्याची छाती वर आली का सोडून द्यायची."

"दाबतो," ती बायको म्हणाली. आमच्याकडे खेड्यांतल्या बायका असंच बोलतात, पुरुषांसारखं.

फुस्स. पुन्हा सुरू झालं, जरा कापरं, पण सुरू.

चौकोन सुटला. मी तो बोर्डाचा तुकडा अलगद बाहेर काढला आणि बांगड्या उतरवून हात आत घातला. मनगट, मग कोपर. पत्र्याच्या धारेनं कातडी सोलली गेल्याचं जाणवलं, पण दुखलं नाही तेव्हा. आधी हाताला भरणाचा कापूस लागला. त्याखाली जुनी वायर, तिच्यावरचं वेष्टण एका जागी उकललेलं, आतला तांब्याचा गाभा माझ्या बोटाला खरखरीत लागला. लाईन बंद आहे हे माहीत असूनही माझा हात आपोआप मागे आला. मी दात आवळून पुन्हा पुढे नेला. आणि मग काहीतरी गोल, गुळगुळीत, गार. पाइप. मी जिथे कापलं त्याच्या जेमतेम दोन बोटं बाजूला.

"सापडला?" अब्बांनी विचारलं.

"पाइप सापडला."

"त्याले हात नको लावू."

"हात त्यावरच आहे, अब्बा."

त्यांनी माझा दुसरा हात धरला. का धरला कोण जाणे, त्याचा काही उपयोग नव्हता. पण त्यांनी तो शेवटपर्यंत सोडला नाही.

पाइपाच्या मागे स्प्रिंगचं टोक लागलं. एका स्क्रूचं आत आलेलं अणकुचीदार टोक स्प्रिंगच्या वेटोळ्यात रुतलं होतं. ओढलं असतं तर आणखी घट्ट बसलं असतं. मी ते वेटोळं उलट्या बाजूनं फिरवलं. एकदा निसटलं. दुसऱ्यांदा सुटलं. पलीकडे त्या बाईचा श्वास मला ऐकू यायला लागला होता, फुग्यासोबत तीही तोंडानं श्वास घेत होती, जणू तिच्याच श्वासावर तो चालला होता.

आडव्या पट्टीत वायर जायला एक गोल भोक होतं, पण त्याच्या कडा उघड्या, धारदार. त्याच कडांवर जुनी वायर सोलली गेली असणार. माझ्या पिशवीत सायकलच्या ट्यूबचे तुकडे नेहमी असत. अब्बांनी एक तुकडा काढून दिला, एका हातानं, दातांनी पिशवीची चेन ओढून. मी तो वायरवर चढवला आणि रबरासकट वायर भोकातून खाली सोडली.

"जा तिकडे," मी अब्बांना म्हणाले. कधी त्यांना असं हुकमानं बोलले नव्हते. ते माझा हात सोडून आयसीयूत पळाले.

मी वायर सारत राहिले. मग पलीकडून खालच्या चौकोनातून त्यांचा आवाज आला, "आली! आली, पकडली म्या."

पेटी जोडायचं काम मी गुडघ्यावर बसून केलं. अब्बा टॉर्च धरून होते. माझ्या उजव्या हाताचं रक्त वायरवर लागत होतं, ते मी ओढणीला पुसत होते. वायरीचं दुसरं टोक अब्बांनी सकाळीच जिन्याजवळच्या बोर्डात नव्या स्विचला जोडून ठेवलं होतं. पेटी बंद केली, अब्बा तिकडे गेले, त्यांनी ओरडून विचारलं, "टाकू?" मी दांड्याला टेस्टर धरून बसले आणि म्हणाले, "टाका."

प्लगमध्ये टेस्टर पेटला, दांड्यावर पेटला नाही. सिस्टरनं मशीनची पिन नव्या प्लगमध्ये खोचली. मशीननं आपली तपासणी करायला वेळ घेतला, तेवढ्यातही ती बाई दाबतच होती. सिस्टरनं नळी परत जोडली. त्या माणसाची छाती मशीनच्या तालावर वर आली. "सोड आता," सिस्टर म्हणाल्या. बाईनं फुगा सोडला नाही. सिस्टरना तिची बोटं एकेक करून उकलावी लागली.

मग सिस्टर माझ्याकडे वळल्या आणि माझा हात पाहून ओरडल्या, "अव माय, हे काय करून घेतलं?" त्यांनीच टाके घातले. मी तेव्हा रडले. दुखत होतं म्हणूनही असेल.

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही अकोटला परत आलो. वाटेत अब्बा खिडकीबाहेर पाहत बसले होते. मी म्हटलं, "अम्मीला बोटांचं सांगायला हवं."  ते उर्दूत म्हणाले, घरी गेल्यावर मीच सांगतो. आणि त्यांनी सांगितलं, जेवणाच्या आधी, सगळ्यांसमोर. अम्मीनं त्यांचे दोन्ही हात पालथे-उताणे करून पाहिले, जणू वरून काही दिसणार होतं.

त्यानंतर दवाखान्यानं आम्हाला सगळ्याच भिंतींचं काम दिलं. प्रत्येक सांगाड्याला अर्थिंग जोडायचं, प्रत्येक भोकाला रबर. डॉक्टर स्वतः आमच्यासोबत खोलीखोलीतून फिरले आणि ज्या भिंतीत पाइप होता तिच्यावर रंगीत खडूनं खूण करून दिली. भिंतीच्या आतलं काम माझं, वरचं अब्बांचं, असं आमच्यात ठरलं. कुणी ठरवलं असं नाही, ते तसं होत गेलं. पुढे अमरावतीला एका कोचिंग क्लासचं मोठं काम मिळालं, तेव्हा मालकाशी बोलायला अब्बांनी मलाच पुढे केलं. मालक माझ्या डोक्यावरून अब्बांकडे पाहत बोलत होता. अब्बा उठून बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसले.

म्हातारी त्याच आठवड्यात गेली. तिचं वयच झालं होतं, असं सिस्टर म्हणाल्या, आणि हे म्हणताना मशीनची तार गुंडाळत राहिल्या. तो माणूस मात्र मशीनवरून उतरला. आमचं काम संपण्याच्या सुमारास तो पलंगावर टेकून बसायला लागला होता, आवाज घोगरा, दोन वाक्यांत दम लागायचा. त्याला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. बायकोनं माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्या त्या." त्यानं हात जोडले. मला काय करावं कळेना, मीही जोडले.

पुढल्या उन्हाळ्यात ती मला अकोटच्या बस स्टँडवर भेटली. मी ओळखलं नाही, तिनंच हाक मारली. शेत त्यांनी एका नातेवाइकाला करायला दिलं होतं, कारण नवऱ्याला आता ऊन आणि ओझं सोसवत नव्हतं. दोन शेळ्या घेतल्या होत्या. ती स्वतः शाळेत पोरांचं जेवण शिजवायला जायची.

"ते झोपतात बरोबर?" मी विचारलं.

"थे झोपते," ती म्हणाली. "मलेच नाई लागत. रातीतून उठून पायतो, छाती वर येऊन राहिली का नाई. आली का मंग निजतो."

तिची चांदूर बाजारची गाडी लागली होती, माहेरी चालली होती. चढताना तिनं मला पिशवी धरायला दिली, वर जाऊन खिडकीची जागा पकडली आणि खिडकीतून हात काढून पिशवी घेतली. गाडी फलाटावरून मागे सरत असताना ती मोठ्यानं म्हणाली, "तुमचा हात बरा झाला ना?" मी बाही वर करून तिला दाखवला.